पॉलिहाऊसमधले कडक तळावरचे बेड : तळाशी पाणी राहतं, झाडं मरतात, औषधानं थांबत नाही

तक्रार बहुतेक वेळा एकाच शब्दांत येते: "मर लागली आहे, आळवणी केली (म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतलं), पंधरा-वीस दिवस बरं वाटलं, परत सुरू झालं." जरबेरा असो, ढोबळी मिरची असो की काकडी, चित्र सारखंच असतं. दुपारी झाड माना टाकतं, संध्याकाळी सावरतं, आठवड्याभरानं सावरत नाही. वरची माती हाताला कोरडी लागते म्हणून पाणी वाढवलं जातं आणि मर आणखी पुढे सरकते. अशा पॉलिहाऊसमध्ये रोगाचं नाव शोधण्याआधी एक गोष्ट विचारावी: बेड कशावर बसवले आहेत? उत्तर सिमेंटचा कोबा, रोलर फिरवलेला मुरूम किंवा कोकणातला जांभ्याचा कातळ असं असेल, तर आधी तळाचं पाणी बघा. फायटोप्थोरा आणि पिथियम हे मुळं कुजवणारे, बुरशीसारखे रोगजीव पाण्याच्या आधारानं पसरतात. तळ ओला राहिला तर मेटॅलॅक्झिल या बुरशीनाशकाची आळवणी फक्त मुदत वाढवून देते.

मेलेलं नाही, नुकतंच सुकू लागलेलं झाड निवडा आणि बेडची बाजू तळापर्यंत उकरून मुळं बघा. ओढून उपटू नका, खालची मुळं तिथंच तुटून राहतात आणि नेमकं बघायचं तेच हातात येत नाही. वरच्या पंधरा-वीस सेंमीत मुळं पांढरी आणि त्याखाली तपकिरी, असा कंबरपट्ट्यासारखा फरक दिसला तर कारण तळाशी आहे. तपकिरी मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटून आत दोऱ्याएवढी शीर उरली, तर मूळ कुजलेलं आहे. तिथल्या मातीला सडक्या अंड्यासारखा वास आणि करडा-निळसर रंग असेल, तर त्या थरात हवा पोचत नाही हे नक्की. मुळांवर गाठी असतील तर तो सूत्रकृमीचा प्रश्न, त्याची वाट वेगळी.

साचलेलं पाणी वेगळं, धरलेलं पाणी वेगळं

तळाशी ओल दोन प्रकारे राहते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. यात गल्लत झाल्यामुळेच दुरुस्ती करूनही त्रास परत येतो. पहिला प्रकार म्हणजे साचलेलं पाणी: ते मोकळं असतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. दुसरा म्हणजे धरलेलं पाणी: वाट मोकळी असते, पण बेडमध्ये भरलेलं माती-खताचं मिश्रणच इतकं बारीक असतं की ते पाणी सोडत नाही. पहिल्याला वाट द्यायची, दुसऱ्यासाठी मिश्रण किंवा उंची बदलायची.

कोणता प्रकार आहे ते ओळखायला एक इंची पीव्हीसी पाइपचे ७५ सेंमी लांबीचे तुकडे घ्या, बेडमागे तीन. खालच्या १५ सेंमीत ३ मिमीची वीस-पंचवीस भोकं पाडा आणि तेवढ्या भागावर सुती कापडाचा एक पदर बांधा. बेडमध्ये उभं भोक पाडून पाइप थेट तळाला टेकवा, भोवतीची माती दाबून घ्या. एक पाइप चढाच्या टोकाला, एक मधोमध, एक उताराच्या टोकाला. वरून टोपण ठेवा. बांबूच्या बारीक कामटीला खडूची पूड चोळून ती पाइपात सोडली की पाणी कुठपर्यंत आहे ते लगेच कळतं. पाणी दिल्यावर तासाभरानं एकदा बघा, पण खरं माप दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी देण्याआधीचं.

सकाळी कामटी २ सेंमी किंवा जास्त भिजली तर पाणी साचतं आहे. कामटी कोरडी, पण तळाची माती मुठीत दाबल्यावर बोटांतून थेंब गळतात, तर पाणी धरलेलं आहे. ते पाइपात उतरणारच नाही, कारण मातीनं ते ओढून ठेवलेलं असतं. कामटी कोरडी, मातीचा गोळा होतो पण पाणी सुटत नाही, म्हणजे तळालाही वाफसा आहे, ओल आणि हवा दोन्ही आहेत. मग मर दुसऱ्या कशानं तरी आहे, या लेखातले उपाय करून पैसे घालवू नका. आणि तिन्ही पाइपांत पाणी सारखं नसेल तर ते लिहून ठेवा. फक्त उताराच्या टोकाला पाणी असणं ही वेगळी तक्रार आहे, ती पुढे येते.

साचलेलं पाणी

सगळ्यात जास्त सापडणारं कारण म्हणजे उतारच नाही, किंवा आहे तो बेडला आडवा. तळाला लांबीच्या दिशेनं १ टक्का उतार लागतो: ३० मीटरच्या बेडला ३० सेंमी. गवंड्याच्या लेव्हल पाइपनं हे दोन माणसं अर्ध्या तासात मोजतात. डोळ्यांनी अंदाज घेऊ नका, पॉलिहाऊसच्या खांबांच्या आणि गटरच्या रेषा डोळ्याला फसवतात.

उतार असूनही चूक होते ती वरच्या बाजूला. बेडच्या भिंती बांधताना दोरी सरळ पाणसळीत ताणली जाते, कारण गवंड्याच्या हाताला तीच सवय. तळ ३० सेंमी उतरलेला आणि माथा सपाट, मग उताराच्या टोकाला ४५ सेंमी माती असेल तर चढाच्या टोकाला उरते फक्त १५ सेंमी. तिथं निचरा झाल्यावरही जवळजवळ सगळी माती चिंब राहते. माथा तळाला समांतर उतरता ठेवा. दिसायला तिरपा दिसतो, दिसू द्या.

दुसरं कारण, बाहेर पडायची वाट बुजलेली. भिंतीच्या तळाला, अगदी कोब्याला लागून, दर ६० सेंमीवर २५ मिमीचं भोक हवं. कोब्यापासून दोन बोटं वर ठेवलेलं भोक तेवढ्या उंचीचं पाणी कायम आत ठेवतं, आणि बांधकामात हीच चूक सर्रास दिसते. प्रत्येक भोकाच्या आत शेडनेटची चार पदरी घडी लावा. नुसतं उघडं भोक पहिल्या दोन महिन्यांत गाळानं आणि मुळांनी बंद होतं. बेडखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला असेल तर तो भोकांच्या खालून बाहेर निघतो की आतच वर दुमडला आहे ते तपासा. आत दुमडलेला कागद म्हणजे बेड नव्हे, टाकी.

रुंद बेडला मधोमध निचऱ्याचा पाइप टाकतात. ६३ मिमी पीव्हीसीला ८ मिमीची भोकं, दर १० सेंमीला, दोन ओळींत. भोकं खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी. वर तोंड करून टाकलेल्या पाइपात आधी गाळ येतो, पाणी नंतर. पाइपभोवती १० सेंमी रुंदीत २० एमएम खडी, त्यावर न विणलेलं जिओटेक्स्टाइल (गाळ अडवणारं कापड). चढाच्या टोकाला पाइप एल्बो लावून वर काढा आणि टोपण बसवा, म्हणजे वर्षातून दोनदा वरून जोरानं पाणी सोडून तो धुता येतो. हा दोन-तीनशे रुपयांचा तुकडा वाचवला की पुढे अख्खा बेड उकरावा लागतो.

पावसाळ्यात पाणी बाहेरून आत येतं, हे तिसरं. दहा गुंठ्यांच्या छपरावर ५० मिमी पाऊस पडला की सुमारे ५० हजार लिटर पाणी उतरतं. ते गटरमधून पडून खांबांच्या बुडाशी मुरत असेल तर आत कितीही पाइप टाका, उपयोग नाही. चारही बाजूंनी चर हवा आणि त्याचा तळ आतल्या जमिनीपेक्षा किमान ३० सेंमी खोल हवा. कातळावर हे आणखी कडक पाळावं लागतं, कारण जांभा जुलैत खालूनच पाझरतो.

खडीचा थर निचरा करत नाही

हे बऱ्याच जणांना पटत नाही. बेडखाली १० सेंमी खडी टाकली की पाणी झरझर खाली जाईल, असं वाटतं. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून उतरत नाही. वरची माती आधी पूर्ण चिंब होते, मगच थेंब सुटतो. म्हणजे जो चिंब थर कोब्यावर असता तो आता खडीवर, मुळांच्या १० सेंमी जवळ आला.

घरातल्या स्पंजवर हे बघता येतं. भांडी घासायचा जाड स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज न पिळता उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. तळाशी चिंब राहणाऱ्या थराची जाडी मिश्रणाच्या बारीकपणावर ठरते, बेडच्या उंचीवर नाही. भरड मिश्रणात तो चार-पाच सेंमी असतो, बारीक मिश्रणात १५ सेंमी किंवा जास्त. म्हणून २० सेंमीच्या बेडमध्ये बारीक मातीनं मुळांना जागाच उरत नाही, आणि तीच माती ४५ सेंमी उंचीवर निभावून जाते.

खडी वापरायचीच तर फक्त पाणी वाहून नेण्यासाठी, पाइपभोवती, आणि ती उंचीत धरायची नाही. ४५ सेंमी म्हणजे खडीच्या वर ४५ सेंमी.

मिश्रण पाणी सोडतं का

दहा लिटरच्या बादलीच्या तळाला सहा-सात भोकं पाडून ती चिकटपट्टीनं बंद करा. बादली मिश्रणानं भरा, दोनदा जमिनीवर आपटून बसू द्या आणि पुन्हा काठोकाठ भरा. कडेनं हळूहळू पाणी ओता, वर चमक दिसेपर्यंत. अर्धा तास मुरू द्या, परत चमक येईपर्यंत ओता. आता बादली घमेल्यावर धरून पट्ट्या काढा आणि गळायचं थांबल्यावर घमेल्यातलं पाणी मोजा. १ ते २ लिटर निघालं तर मिश्रण चालेल. १ लिटरपेक्षा कमी निघालं तर ते कडक तळावर घालू नका, कितीही सुपीक असलं तरी. २ लिटरच्या बरंच वर गेलं तर निचरा जास्त आहे, पाणी थोडं-थोडं आणि जास्त वेळा द्यावं लागेल.

नापास होणारी मिश्रणं ठरलेली असतात. काळी माती कोणत्याही प्रमाणात नको; ती फुगते, आकसते आणि पोकळ्या बुजवते. लाल माती चांगली, पण पोयट्याची बारीक भुकटी आली असेल तर ती सिमेंटसारखी बसते. अर्धवट कुजलेलं शेणखत पहिल्या महिन्यात मिश्रण फुगवतं आणि सहा महिन्यांत त्याचा चिखल होतो. क्रशरची कच धुतलेली नसेल तर तिच्यातली धूळ सगळी तळाशी जाऊन बसते. चिकण मातीत दहा टक्के वाळू मिसळल्यानं ती मोकळी होत नाही, नुसती जड होते. कोकोपीटमध्येही भुकटी पाणी धरते. तुकडे आणि धागे असलेला माल घ्या, आणि धुतलेला घ्या, नाहीतर त्यातलं सोडियम-पोटॅशियम पहिल्या महिन्यातच पानांच्या कडा जाळतं.

घनफळानं दोन भाग लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेलं आणि चाळलेलं शेणखत, एक भाग भाताचं तूस, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी बादलीच्या परीक्षेत उतरतं. तूस कुजताना नत्र ओढून घेतं, त्यामुळे पहिले काही आठवडे पानं फिकी पडली तर दचकू नका, नत्र थोडं वाढवा. जरबेऱ्यासाठी सामू (पीएच) ५.५ ते ६.५ आणि ईसी (क्षारांचं माप) १ च्या आत, लागवडीआधीच तपासून.

माल किती लागतो

३० मीटर लांब, ९० सेंमी रुंद, ४५ सेंमी उंच बेड म्हणजे १२.१५ घनमीटर, म्हणजे ४.३ ब्रास. माल बसतो आणि मिसळल्यावर आकसतो, म्हणून ५ ते ५.५ ब्रास मागवा. भरताना १५ सेंमीचा एक थर, त्यावर पाणी, मग पुढचा थर. पायानं तुडवू नका. वर्षभरात ४५ चे ३६-३८ सेंमी होतात, आणि दुसऱ्या वर्षी "अचानक" आलेली मर बऱ्याचदा यातूनच येते: चिंब थर तेवढाच राहिला, वरची कोरडी उंची घटली. दोन पिकांच्या मध्ये भर घाला, उभ्या पिकात नको. जरबेऱ्याचा गड्डा मातीखाली गेला की तो कुजलाच.

हे वजन गच्चीवर चालत नाही, हे सांगणं भाग आहे. ४५ सेंमी ओल्या मिश्रणाचं वजन चौरस मीटरला ६०० किलोच्या आसपास जातं. घराच्या स्लॅबचा हिशेब साधारण दीडशे किलोचा धरलेला असतो.

फक्त उताराच्या टोकाची झाडं मरतात

शेवटच्या तीन-चार मीटरमध्येच मर असेल तर आधी ठिबक बघा. १६ मिमीच्या ३० मीटर लॅटरलमध्ये (बेडवरच्या ठिबकच्या नळीत) साडेचार लिटरच्या आसपास पाणी मावतं. मोटर बंद झाली की हे पाणी चढाकडून उताराकडे येतं आणि शेवटच्या ड्रिपरमधून गळतं. दिवसात पाच वेळा पाणी, बेडवर दोन लॅटरल: ४५ लिटर, रोज, त्याच चार मीटरमध्ये. वेळापत्रकात हे पाणी कुठंच दिसत नाही. मोटर बंद करून दहा मिनिटांनी शेवटच्या ड्रिपरखाली वाटी धरा, भरते का बघा. उपाय म्हणजे दाब उतरताच बंद होणारे नॉन-लीक ड्रिपर. ते परवडत नसतील तर पाळ्या कमी करून प्रत्येक पाळी थोडी मोठी करा, आणि एंड कॅपपाशी जास्तीचं पाणी नळीनं बेडबाहेर काढा.

सगळ्या बेडवरच पाणी जास्त होत असेल तर हिशेब सोपा आहे. दर ३० सेंमीला २ लिटरचा ड्रिपर, दोन लॅटरल: तासाला ४०० लिटर. भर उन्हाळ्यात भरात आलेल्या ढोबळीला चौरस मीटरला ३-४ लिटर धरले तर २७ चौरस मीटरच्या बेडला जास्तीत जास्त १०८ लिटर, म्हणजे १६ मिनिटं. "रोज अर्धा तास" या सवयीनं ९० लिटर फुकट तळाला जातात. ढगाळ दिवशी तर सहा-आठ मिनिटं पुरतात. मोकळ्या जमिनीत ही चूक खपते, कोब्यावर खपत नाही.

कडक थर फोडावा का

मुरमावर कधी कधी फोडणं हाच सगळ्यात स्वस्त उपाय असतो. उभारणीच्या वेळी क्रेन आणि ट्रॉल्या फिरून वरचा १५-२० सेंमी थर दगडासारखा झालेला असतो, खाली मोकळा मुरूम असतो. पण आधी बघून घ्या. वाटेत ३० बाय ३० सेंमीचा, ४५ सेंमी खोल खड्डा घेऊन पाण्यानं भरा, जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि तासाला पातळी किती उतरते ते मोजा. ३ सेंमीपेक्षा जास्त उतरली तर बेडच्या मध्यरेषेवर १५ सेंमी रुंद फट ब्रेकरनं किंवा पहारीनं खालच्या मोकळ्या थरापर्यंत पाडा आणि ती बेडच्याच मिश्रणानं भरा, खडीनं नाही. सलग माती मिळाली की खालचा थर वरचं पाणी ओढून घेतो.

पाणी तासाला सेंमीभरही उतरत नसेल तर हात लावू नका. अखंड कातळात पाडलेलं भोक ही लहान टाकी होते, आणि नेमकी झाडाखाली. जुलैत आपणहून पाण्यानं भरणारा खड्डा असेल तर तिथं फोडणं म्हणजे पाण्याला आत बोलावणं.

डोंगरउतारावर कापून-भरून सपाट केलेल्या जागेत, मावळात अशा जागा बऱ्याच आहेत, अर्धं पॉलिहाऊस कापलेल्या कडक भागावर आणि अर्धं भरावावर असतं. भराव पहिल्या पावसाळ्यात बसतो, उतार मोडतो आणि मधेच खळगा होतो. मधल्या पाइपातच पाणी दिसलं तर हेच समजा. पहिला पावसाळा गेल्यावर लेव्हल पाइपनं परत मोजा, पक्क्या भिंती त्यानंतरच बांधा.

कडेची झाडं पिवळी, मधली हिरवी

नवा कोबा किंवा सिमेंटच्या ब्लॉकची भिंत असेल तर चुना सुटून कडेच्या मातीचा सामू चढतो. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह मिळत नाही. भोकातून येणाऱ्या पाण्याचा सामू मोजा; दिलेल्या पाण्यापेक्षा एकानं किंवा जास्त चढला असेल तर कारण तेच. नवा कोबा २८ दिवस पाण्याखाली ठेवून दोन-तीनदा धुऊन मगच भरावा, भिंतीला आतून कागद लावावा. कडेला पांढरी खरपुडी दिसली तर ते क्षार आहेत, चुना नाही. निचरा चालू आहे याची खात्री करून एकदा भरपूर पाणी देऊन धुवा. निचरा बंद असताना धुतलं तर क्षार आणि पाणी दोन्ही तळाशी बसतात.

उभ्या पिकात काय करता येईल

पाणी साचत असेल तर उताराच्या टोकाची आडवी भिंत तळाशी १० सेंमी उघडा आणि तिथं शेडनेटची घडी दाबून बसवा. मग कडेच्या भिंतींना कोब्यालगत, उताराकडून चढाकडे, रोज पाच-सहा याप्रमाणे भोकं पाडा. हॅमर नाही, ड्रिलच वापरा. ठोक्यानं मुळं हलतात. वाटेचा कोबा बेडच्या तळापेक्षा वर असेल तर भिंतीलगत कटरनं तीन सेंमी खोल खाच मारून पाणी पुढे काढा. दोन दिवस ठिबक बंद, नंतर सकाळच्या कामटीच्या मापावर.

पाणी धरलेलं असेल तर उभ्या पिकात मिश्रण बदलता येत नाही. पाळ्या कमी करणं, दुपारी तीननंतर पाणी न देणं आणि पीक संपेपर्यंत ओढून नेणं एवढंच हातात आहे. आळवणी करायची तर आता, वाट मोकळी झाल्यावर, लेबलावरच्या मात्रेनं. मेलेली झाडं मुळांभोवतीच्या मातीसकट पिशवीत भरून बाहेर काढा, वाटेत झटकू नका. एप्रिल-मेमध्ये बेड रिकामा असेल तर माती ओली करून पारदर्शक कागदाखाली चार ते सहा आठवडे तापवून घ्या.

तपासणीचे पाइप काम झाल्यावर उपटू नका. प्रत्येकावर बेडचा क्रमांक रंगानं लिहा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा कामटी घाला; भोकं बुजायला लागली की झाडांच्या आधी ते कामटीवर दिसतं.